इंजेक्शन काढा, कार्ब्युरेटर बसवा, सुखी व्हा

तुमची गाडी फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो तसली, आहे? थंडीतही पहिल्या चावीला चालू होते? सिग्नलला बंद पडत नाही, घाटात कुरकुरत नाही? मग हे दुःख किती दिवस सोसणार? कार्ब्युरेटर, म्हणजे हवेच्या ओढीवर पेट्रोल मिसळणारं जुनं यंत्र, बसवून घ्या. मी स्वतः असा कार्ब्युरेटर बसवलेली एक जुनी गाडी दोन महिन्यांपूर्वी घेतली आहे. आधीचे मालक अभिमानाने म्हणाले होते, "फार काळा धूर मारायची, पेट्रोल प्यायची. इंजेक्शनची कटकटच काढून टाकली. आता कुठलाही मेकॅनिक रस्त्यात दुरुस्त करेल." त्यातला 'रस्त्यात' हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही.

तर सुरुवात निदानापासून. ते करूच नका. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटला तर बल्ब काढून टाका. कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारा स्कॅनर लावलात तर बिघाड सापडण्याचा धोका असतो, आणि सापडला की मग एवढा मोठा बेत रद्द करावा लागतो.

टाकीतला पंप मात्र आहे तोच ठेवा. तो साधारण 3 बार दाबाने पेट्रोल ढकलतो आणि कार्ब्युरेटरला पाव बार, फार तर थोडं जास्त, पुरतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या फ्लोटच्या सुईला तो दाब अडवता येत नाही, पेट्रोल वरून ओतू लागतं, खाली इंजिन तापलेलं असतंच. बाकीचं आपोआप होतं.

मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांचा जुडगा, तोही बदलू नका. इंजेक्शनच्या मॅनिफोल्डमधून नुसती हवा जाते, पेट्रोल थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारलं जातं. पण आपण एक जाड प्लेट मारून त्याच्याच डोक्यावर कार्ब्युरेटर बसवायचा. मग त्या लांब, वळणदार, गार नळ्यांतून ओलं मिश्रण जाताना पेट्रोल भिंतींना चिकटतं, तळाशी साचतं. एका सिलिंडरला जेवण, शेजारच्याला उपास. गाडी हिसके देते त्याला पिकअप म्हणायचं.

धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर काढलात तर हवा-पेट्रोलचं 14.7 ला 1 हे प्रमाण आता तुम्ही नाकाने ठरवा.

धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची काळजी नको, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

धूर-तपासणीच्या दिवशी आजारी पडा.

कुणी नावं ठेवलीच तर इतिहास पुढे करा. 1958 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरने काही मोजक्या गाड्यांना बेंडिक्स कंपनीचं 'इलेक्ट्रोजेक्टर' हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं होतं. ते इतकं रुसायचं की त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर लावावे लागले. म्हणजे परंपरा थोर आहे! पुढे त्याचे पेटंट हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले आणि 1967 मध्ये त्यांनी डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आणलं, एवढं सांगायचं टाळा.

आता मुख्य कार्यक्रम, म्हणजे कॉम्प्युटर. तो नुसतं पेट्रोल मोजत नाही. ठिणगी कधी पडावी, आयडलिंग किती असावं, रेडिएटरचा पंखा कधी फिरावा, एसी कधी तोडावा, हे सगळं तोच बघतो. पण डबा छोटासा दिसतो ना, काढून टाका! माझ्या गाडीत त्या जागी जुन्या मॉडेलचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डबा, आहे. ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी त्याची व्हॅक्यूमची नळी कुठेच जोडलेली नाही, टोकात एक स्क्रू खुपसलाय. आणि पंख्यासाठी स्टिअरिंगखाली बटण. पंख्याला बटण! घरच्या छतावरच्या पंख्यासारखं! मागच्या आठवड्यात वाहतूक तुंबली आणि मी ते दाबायला विसरलो. माणूस आहे, विसरणार. काटा लाल रेषेपार, बॉनेटमधून वाफ, मागे पन्नास हॉर्न, आणि एक भला माणूस खिडकीशी येऊन सांगतोय, "साहेब, पंखा लावा."

त्या संध्याकाळी मी डिकीतला खोका उघडला. मालकांनी काढलेलं सगळं सामान त्यात भरून दिलं होतं, हा त्यांचा प्रामाणिकपणा मान्य. इंजेक्टर चारही ठीक दिसले. आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर? त्याच्या प्लगमध्ये हिरवा गंज, एक पिन गंजाने खाऊन तुटलेली. दोन तारांचा सेन्सर. जुन्या सिस्टिममध्ये ही तार तुटली की कॉम्प्युटरला इंजिन उणे 40 अंशांवर गोठल्यासारखं दिसतं, मग तो बिचारा पेट्रोल ओततच राहतो. काळा धूर. पेट्रोल पिणं. झालं!

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. अरे मेकॅनिका, मल्टिमीटर लावायला दहा मिनिटं लागतात रे! येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं, दुसऱ्याकडे पाठवायचं. कार्ब्युरेटरशी माझं भांडण नाही. जी गाडी त्याच्यासाठीच बनली तिच्यावर तो गोड चालतो, मी वर्षानुवर्षं चालवलाय, चोक ओढून, जेट फुंकून. पण समजत नाही म्हणून चालती सिस्टिम उपटायची, हा कसला साधेपणा? आणि उपटलीत तर उपटलीत, वायरिंग तरी प्लगपासून सोडवायचं होतं. पक्कडीने कापलंय, केबिनच्या पत्र्याला लागून, सपाट. जोड मारायला बोटभर टोकसुद्धा ठेवलं नाही. काय घाई होती?

सध्या रोज संध्याकाळी मी गाडीखाली टॉर्च घेऊन एकेक तार रंगावरून जुळवतोय. पिवळ्या पट्ट्याच्या दोन आहेत, आणि दोन्ही सारख्याच आखूड.