‘चार मिनिटांची थाप’ म्हणणाऱ्या वाचकास

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये चार मिनिटांत स्टील कट ओट्स (ओट्सच्या अख्ख्या दाण्याचे तुकडे) शिजवायच्या माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. एरवी दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळा होतो, पण तुमचं पहिलंच वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय: ‘चार मिनिटांत स्टील कट ओट्स ही शुद्ध थाप आहे, माझ्या इलेक्ट्रिक कुकरला चाळीस मिनिटं लागली.’ लागली असतील. माझ्याकडेही जवळपास तेवढीच लागतात. मग थाप कुठे आली?

कुकरवर आपण लावतो तो आकडा प्रेशर आल्यानंतरचा असतो. बटण दाबल्यावर पाणी तापायचं, आत वाफ कोंडायची, झाकणावरची पिन वर यायची, यात दहाएक मिनिटं जातात आणि तोवर टायमर मोजायला लागत नाही. मग ती ४ मिनिटं. नंतर वाफ आपली आपण उतरू द्यायची, त्याची १५-२० मिनिटं. उतरतानाही आत ओट्स शिजतच असतात, म्हणून तर ४ मिनिटं पुरतात. हे सगळं लेखात आहे. शीर्षकात नाही, कबूल. पण शीर्षकातच सगळं मावलं असतं तर खाली लेख कशाला लिहिला असता? स्वयंपाकाच्या लेखाचं शीर्षक वाचून कुकर लावणाऱ्यांची जबाबदारी मी घेतलेली नाही.

आणि ‘थाप’! ‘वेळेचा हिशेब नीट लिहा’ असं म्हणाला असता तर मी मुकाट्याने ऐकलं असतं. थाप मारण्यात माणसाचा काहीतरी फायदा असतो. मला कुणी कुकर फुकट दिलेला नाही, ओट्सही मी विकत नाही. सहा वर्षं आठवड्यातून तीनदा हेच करतोय. पहिल्याच आठवड्यात घाईघाईने व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा वाफेबरोबर चिकट फेसाचं कारंजं थेट वरच्या कपाटाच्या दारावर गेलं. ते दार पुसताना शिकलो की ओट्स पाण्याला दाट करतात आणि दाट पाण्यातला बुडबुडा लवकर फुटत नाही, तो चढतच जातो. तेव्हापासून भांडं अर्ध्याच्या वर भरत नाही, चमचाभर लोणी टाकतो म्हणजे फेस दबतो, आणि झाकणाची रिंग दर वेळी काढून धुतो. हा अनुभव शीर्षक वाचून आलेला नाही.

एक चूक मात्र माझी. लेखाच्या वरच्या फोटोत रोल्ड ओट्स होते, हे तुम्ही बरोबर पकडलंत. ते वाफवून चपटे केलेले असतात. स्टील कट म्हणजे सोललेला अख्खा दाणा पात्यांनी दोन-तीन तुकडे केलेला. दोन्हींना एकच वेळ लावली तर चपट्यांचा लगदा होणार. फोटो बदललाय. खूश?

‘पातेल्यात अर्ध्या तासात होतात’ हेही खरं, उभं राहून ढवळत बसायची हौस असेल तर जरूर करा. मी तेवढ्या वेळात आंघोळ करून येतो. कुकरला माझी गरज पडत नाही आणि मला तेवढंच हवं असतं.

दुधाचं तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय: भांडं तळाला लागलं आणि डिस्प्लेवर ‘बर्न’ आलं. लेखात १ वाटी ओट्सला ३ वाट्या पाणी आहे, दूध नाही. दूध तळाशी धरतं, त्याच्या जोडीला ओट्सचा स्टार्चही खाली बसतो आणि तळाचा सेन्सर ओरडतो. माझ्या कृतीत नसलेला पदार्थ घालून माझ्याच कृतीला नावं ठेवायची, याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा. माझ्या डोक्यात आलेला शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. दुधाशिवाय चालतच नसेल तर कुकरमध्ये पाणी ओता, त्यात स्टँड ठेवा आणि वर वेगळ्या वाडग्यात दूध घालून ओट्स शिजवा. नाहीतर दूध झाकण उघडल्यावर घाला. तेव्हा ओट्स सैल वाटले तरी घाबरून पुन्हा कुकर लावू नका, पाच मिनिटांत आळतात.

हेही लेखात होतं. शेवटून दुसरा परिच्छेद.