विषाणूविना होणारा कर्करोग आणि प्रथिन न घडवणारे आरएनए : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विषाणूविना होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात प्रथिन न घडवणाऱ्या आरएनएंचा (प्रथिन न बनवता इतर जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशीतील रेणूंचा) हात असतो, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. प्रथिन न घडवणारे आरएनए गाठीत वाढलेले दिसतात म्हणून त्यांना रोगाचे कारण ठरवणे म्हणजे धुरालाच आग म्हणणे, हा पहिला. आणि इंदुरात पावलोपावली सुपारी-तंबाखू विकली जात असताना असल्या सूक्ष्म गोष्टींकडे लक्ष वळवणे अनाठायी आहे, हा दुसरा.

पहिला आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. केवळ वाढ दिसली एवढ्यावर कोणी थांबलेले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या शरीरात मायक्रोआरएनए-२१ (अशाच आरएनएंपैकी एक अगदी छोटा रेणू) हवे तेव्हा चालू आणि हवे तेव्हा बंद करता येईल अशी सोय केली होती. ते चालू ठेवल्यावर उंदरांना लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) झाला आणि बंद करताच वाढलेल्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. परिणाम काढून घेतल्याने रोग मागे हटत नाही. कारण काढले तरच हटतो. हा प्रयोग मला या विषयातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो. हेच मायक्रोआरएनए तोंडाच्या कर्करोगातही वाढलेले आढळते आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पीटेन या जनुकाला दाबते.

विषाणूविना होणारा कर्करोग वेगळा कसा, हे सांगताना पॅपिलोमा विषाणूचा (घशाच्या काही कर्करोगांना कारण ठरणाऱ्या विषाणूचा) मुद्दा येथेच येतो. विषाणूजन्य कर्करोगात विषाणूचे प्रथिन पेशीतील पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करते, मूळ जनुक मात्र बहुधा शाबूत राहते. तंबाखूमुळे होणाऱ्या डोके व मानेच्या कर्करोगांत बहुतेकदा ते जनुकच बिघडलेले असते. मायक्रोआरएनए-३४ला कामाला लावणारे पी५३च असल्याने, ते निकामी झाले की पेशींची वाढ रोखणारा हा दुवाही ढिला पडतो.

दुसऱ्या आक्षेपातील कळकळ मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचे मूळ तंबाखू आणि सुपारीतच आहे. तोंडात न भरणारा व्रण वा पांढरा चट्टा दिसल्यास बायोप्सीला पर्याय नाही. उपचाराचे म्हणाल, तर मायक्रोआरएनए-३४ची नक्कल करून बनवलेल्या औषधाची चाचणी रुग्णांतील गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. म्हणूनच मूळ लेखात मी उपचाराचे आश्वासन दिले नव्हते आणि आजही देणार नाही.