‘ताई, तसं नसतं ते’: समजावणाऱ्यांची बाजू घेणाऱ्या मजकुराला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून एक मजकूर फिरतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. पुरुष बाईला काही समजावायला गेला की हल्ली त्याला लगेच अहंकारी ठरवतात. खरं तर पुरुष सगळ्यांनाच समजावतो. बायकांना यंत्रं, पैसा, शेती यांतलं कमी कळतं म्हणून सांगावं लागतं, त्यामागे मदतीची भावना असते, नको असेल तर बाईने सरळ ‘नको’ म्हणावं, आणि ही तक्रार म्हणजे परदेशातून आलेलं खूळ आहे. शेवटी प्रश्न येतो: मग पुरुषांनी तोंड उघडायचंच नाही का?

चांगली, समजूतदार माणसं हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. कुणी कुणाला समजावून सांगण्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती समोरच्या बाईला काय माहीत आहे हे न विचारता, तिला माहीत नसणारच असं धरून बोलायला लागण्याला. त्यात तिचा अपमान होतो आणि वर कामही बिघडतं.

‘पुरुष सगळ्यांनाच असं समजावतात, त्यात बाई-पुरुष काही नसतं’

हे तपासायचं तर अशी जागा हवी जिथे बाईच्या ज्ञानाबद्दल शंकाच नाही आणि बोललेला शब्द न् शब्द लिहून ठेवलेला आहे. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय ही तशी जागा. तिथल्या तोंडी युक्तिवादांच्या नोंदी तपासून टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीअर्स यांनी 2017 मध्ये अभ्यास मांडला. नऊ न्यायमूर्तींमध्ये एकच स्त्री होती त्या 1990 च्या सत्रात, मध्येच बोलणं तोडण्याच्या प्रसंगांपैकी 35.7 टक्के तिच्या वाट्याला आले होते. 2002 मध्ये स्त्रिया दोन झाल्या आणि प्रमाण 45.3 टक्के झालं. 2015 मध्ये तिघीजणी होत्या, आणि बोलणं तोडल्याचे 65.9 टक्के प्रसंग त्या तिघींच्या बाबतीत घडले. न्यायमूर्ती बोलू लागले की वकिलाने थांबायचं असा तिथे लेखी दंडक आहे. तरीही पुरुष वकील स्त्री न्यायमूर्तींना मध्ये तोडत होते.

देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या बाईचं वाक्य पुरं होऊ दिलं जात नसेल, तर सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलणाऱ्या सचिव वहिनींचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बायकाही असं वागतात. घरकामाला येणाऱ्या बाईला, सुनेला, खेड्यातून आलेल्या रुग्णाला शिकल्यासवरल्या बायका याच सुरात समजावतात. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला ही सवय लागते. पुरुषाला तो अधिकार बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो, एवढाच फरक आहे, आणि तो मोठा आहे.

‘बायकांना तांत्रिक बाबतीतलं कमी कळतं, म्हणून सांगावं लागतं’

मजकुरातला हा सगळ्यात लोकप्रिय मुद्दा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

स्कूटर घ्या. गिअर नसलेल्या बहुतेक स्कूटरांत ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. लिव्हरच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो, तो जुळला तरच स्टार्टरला करंट जातो. पावसाळ्यात त्यात ओल शिरते, धूळ आणि गंज बसतो, आणि लिव्हर दाबूनही स्विच जुळत नाही. आता बाई गॅरेजमध्ये येऊन सांगते, ‘ब्रेक दाबून बटण दाबते, तरी सकाळी सुरू होत नाही, दुपारी होते.’ या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत: ब्रेक दाबला जातो आहे, बिघाड रोज होतो पण कायम राहत नाही, आणि ऊन चढलं की तो जातो. कुठल्याही मेकॅनिकला याहून चांगली तक्रार मिळत नाही. पण उत्तर येतं, ‘ताई, आधी ब्रेक दाबायचा असतो.’ तिने सांगितलेली पहिलीच गोष्ट गाळली गेली. पुढे प्लग बदलला जातो, मग बॅटरी, आणि स्कूटर पुढच्या ओल्या सकाळी पुन्हा तशीच उभी.

खरी तपासणी पाच मिनिटांची आहे. चावी चालू करून एकेक लिव्हर स्वतंत्रपणे दाबायचा आणि मागचा ब्रेकचा दिवा पाहायचा. उजव्याने लागतो, डाव्याने लागत नाही, तर डावा स्विच गेला. दोन्हींनी लागत नाही, तर बल्ब आणि फ्यूज पाहायचा. दिवा लागतो, बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’ होतं आणि स्टार्टर फिरत नाही, तर बॅटरीकडे वळायचं: आधी टर्मिनल ढिली आहेत का, त्यांवर पांढरी बुरशी धरली आहे का ते पाहायचं, मग मीटर लावायचा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली. आवाजच नाही, तर बटण, रिले, आणि नव्या बऱ्याच स्कूटरांत साइड स्टँडचा सेन्सर. यातलं पहिलं पाऊल कुठून टाकायचं, हे त्या बाईने आधीच सांगितलं होतं.

शेतीत हेच होतं, आणि तिथे हंगाम हातचा जातो. घरच्या सोयाबीनचं बियाणं निवडणं, फुटके आणि मार लागलेले दाणे बाजूला काढणं, उगवण तपासणं, बियाण्याला औषध चोळणं ही कामं बहुतेक घरांत बायकांच्या हातची. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत 100 बिया गुंडाळून ठेवायच्या, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने चांगले कोंब मोजायचे. 70 निघाले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 65 निघाले तर 32 किलोंच्या वर जातं, 60 ला 35 किलो लागतं. बीजप्रक्रियेचा क्रमही ठरलेला: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक (मुळांवर गाठी धरायला लावणाऱ्या जिवाणूंचं पाकीट), 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. क्रम उलटा झाला तर बुरशीनाशकाने जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे पाण्यात. चोळायचं हलक्या हाताने, कारण सोयाबीनचं साल पातळ असतं. रगडलं की साल सुटतं आणि तपासणीत उगवलेलं बी शेतात उगवत नाही.

हे सगळं कृषी सेवा केंद्रात सांगितलं कुणाला जातं? पिशवी उचलायला आलेल्या नवऱ्याला, दिराला, नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला. बाई शेजारी उभी असते. तिने ‘मागच्या वर्षी हे पाकीट उशिरा लावलं तर गाठीच धरल्या नाहीत’ म्हटलं, तर तिला जिवाणू म्हणजे काय इथपासून धडा सुरू होतो. तिने दिलेली माहिती, म्हणजे प्रत्यक्ष शेतातलं निरीक्षण, तिथेच विरून जातं. यामागे कागदही आहे. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खातेदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्के होत्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे ती शेतकरी नाही, आणि शेतकरी नाही म्हणजे तिला काही कळत नाही, अशी ही उतरंड आहे.

जिथे तज्ज्ञपणाचा कागद असतो, तिथेही तो पाहायची तसदी कुणी घेत नाही. वेदनेवर संशोधन करणाऱ्या टाशा स्टँटन यांना 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपीच्या परिषदेत एका पुरुषाने सल्ला दिला की, तुम्ही स्टँटन यांचं संशोधन वाचायला हवं.

‘हेतू तर चांगलाच असतो ना’

असेल. पण हेतू चांगला असला म्हणून बिल कमी होत नाही. अमेरिकेत गॅरेजांना फोन करून एका तपशीलवार प्रयोगात 2003 च्या टोयोटा कॅमरीचा रेडिएटर बदलायचा भाव विचारला गेला. निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. किंमत माहीत नाही असं सांगणाऱ्या पुरुषांना सरासरी 383 डॉलर भाव मिळाला, तेच सांगणाऱ्या स्त्रियांना 406. मात्र ‘याला 365 डॉलर लागतात असं ऐकलंय’ म्हटल्यावर दोघांच्या भावातला फरक उरला नाही. म्हणजे बाईला माहीत नसणार हे गृहीतकच तिच्या बिलात जोडलं जात होतं. भाव सांगणारे सगळे मनाने वाईट होते असं मानायचं कारण नाही. गृहीतकाला वाईट मनाची गरज लागत नाही.

यातून हाताशी येणारी एक गोष्ट: ‘किती होतील?’ असं मोघम विचारण्याऐवजी आधी दोन ठिकाणी भाव काढून ‘अमुक इतके लागतात ना?’ असं विचारावं, बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगळी मागावी, आणि बदललेला जुना भाग परत घ्यावा. पण ही बाईवर पडलेली जादा कामगिरी आहे हेही लक्षात असू द्या. पुरुष गिऱ्हाइकाला तेवढी तयारी करून जावं लागत नाही.

‘नको असेल तर सरळ सांगावं’

फेब्रुवारी 2024 मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्जिया बॉल या व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षिकेची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. सराव करताना एक अनोळखी माणूस तिला सांगतो की तू काठी मागे नेताना फार हळू नेतेस. आपण मुद्दामच फटक्यात बदल करत आहोत, हे ती शांतपणे सांगते. तो म्हणतो, मी 20 वर्षं गोल्फ खेळतोय. पुढचा फटका उत्तम जातो, आणि त्याचं श्रेय तो स्वतःच्या सल्ल्याला देतो. तिने सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही, एवढंच.

आणि हे अनोळखी माणसाच्या बाबतीत झालं, ज्याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. साहेब, सासरे, मार्गदर्शक प्राध्यापक किंवा कर्जाची फाइल ज्याच्या टेबलावर अडली आहे तो अधिकारी यांना ‘मला माहीत आहे’ म्हणण्याची किंमत असते. ‘उद्धट’ हा शिक्का एकदा बसला की वर्षानुवर्षं पुसत नाही. पुरुषाने तेच वाक्य म्हटलं की त्याला आत्मविश्वास म्हणतात.

‘हे परदेशी खूळ आहे’

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 चं. बायकांना नीती शिकवायला निघालेल्या पुरुषांना त्यांनी मराठीत, परखड मराठीत, एकेका मुद्द्यावर जाब विचारला. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. हट्ट धरल्यावर प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष चाचणीदाखल आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होऊ न देण्याची अट घालून. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. खूळ म्हणायचं तर ते इथलंच, आणि चांगलं जुनं आहे.

‘मग पुरुषांनी बोलायचंच नाही का?’

बोला. फक्त आधी एक प्रश्न विचारा: ‘तुम्ही काय काय करून पाहिलंत?’ गॅरेज असो, दवाखाना असो की बँक, या प्रश्नाने दोन कामं होतात. समोरच्या बाईला किती माहीत आहे ते कळतं, आणि बिघाडाचा धागा हाती लागतो. कृषी केंद्रात विचारा, ‘बियाण्याला औषध कोण लावणार?’ आणि जी लावणार तिच्याकडे पाहून सांगा. सभेत बोलणं तोडलं गेलं तर ‘त्यांचं पुरं होऊ द्या’ हे अध्यक्षाने म्हणायचं असतं, ती जबाबदारी बोलणाऱ्या बाईवर टाकू नये. इतिवृत्तात सूचनेपुढे सुचवणाऱ्याचं नाव लिहावं, म्हणजे दहा मिनिटांनी तीच सूचना दुसऱ्याच्या तोंडून आली तरी ती कुणाची हे कागदावर राहतं. अमेरिकेच्या त्याच न्यायालयाने ऑक्टोबर 2021 पासून खुल्या प्रश्नोत्तरांनंतर ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रत्येक न्यायमूर्तीला स्वतंत्र वेळ द्यायला सुरुवात केली. या बदलामागे तोडातोडीवरचे अभ्यासही होते, हे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनीच सांगितलं.

आणि जिथे समजावणं खरंच गरजेचं आहे, तिथे पुरुष गप्प बसतात, याकडे हा मजकूर पाहतही नाही. स्कूटरचा ब्रेक समजावणाराच माणूस घरी कर्जाचे कागद पुढे सरकवून म्हणतो, ‘इथे सही कर फक्त.’ 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी नवऱ्याकडे वसुली करून मग बायकोकडे यायला बांधील नाही. सहकर्जदार असेल तर थकलेला प्रत्येक हप्ता तिच्याही पतनोंदीत चढतो. तेव्हा कागद सहीच्या आदल्या दिवशी तिच्या हातात द्या आणि एवढं सांगा: कर्ज किती, व्याजदर स्थिर की बदलता, हप्ता किती आणि किती वर्षं, तारण काय ठेवलंय, हप्ते थकले तर पहिली नोटीस कुणाच्या नावाने येईल. ती प्रश्न विचारेल. सगळ्यांची उत्तरं देता येत नसतील, तर सही पुढे ढकला.