जनुक आलं तरी चर खणावाच लागेल

गेल्या महिन्यात चुलतभावानं व्हिडिओ कॉलवर वाळव्याकडचं आमचं रान दाखवलं. बांधालगतचा ऊस गुडघ्याएवढाच, पानांची टोकं करपलेली, वरंब्यावर पांढरी खपली. त्यानं ती उचलली तर पापडासारखी मोडली. "दादा, तुमच्याकडं क्षारात येणारं बियाणं निघालंय म्हणं. आम्हाला कधी?"

आमच्याकडं म्हणजे ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला. इथं 2012 मध्ये ड्युरम गव्हाचे निष्कर्ष छापून आले. गव्हाच्या एका प्राचीन जातीतलं जनुक साध्या संकरातून त्यात आणलेलं; ते सोडियम मुळातच अडवतं, पानापर्यंत चढू देत नाही. खारवट रानात उत्पादन 25 टक्क्यांपर्यंत वाढलं. आपल्याकडंही मे 2025 मध्ये 'पुसा डीएसटी राइस 1' हा क्षार सोसणारा भाताचा वाण जाहीर झाला. त्यात बाहेरचं जनुक नाही, भाताचंच एक जनुक निकामी केलंय. लगेच दोन तट पडले: हे मागच्या दारानं आलेलं जीएम, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, की शेतकऱ्याचा तंत्रज्ञानावरचा हक्क? मी हक्काच्या बाजूचा. चाचण्यांचे आकडे सगळ्यांपुढं ठेवा आणि बियाणं द्या.

पण या भांडणात पाण्याचं नावच निघत नाही, याचा मला त्रास होतो. आमची काळी जमीन, उसाला पाटानं सोडलेलं बेसुमार पाणी, निचरा शून्य. जमिनीतली पाणीपातळी वर येते, उन्हानं पाणी उडतं, मीठ मागं उरतं. क्षार सोसणारं पीक तो क्षार कुठं नेत नाही. शिवाय भातातला बदल उसात उद्याच्या उद्या येणार नाही.

इथल्या मरे नदीकाठी मी बोअरवेलची रांग पाहिलीय. खारं भूजल नदीत उतरण्याआधीच उपसून दूरच्या तळ्यात सोडतात, वर्षानुवर्षं, सरकारी खर्चानं. गव्हात जनुक आणलं म्हणून इथं कुणी ते पंप बंद केले नाहीत.

आपल्याकडं सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच दुखण्यावर काम करतं. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करता येतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या रानातून वाट हवी, आणि तिथंच अडतं. दोन वर्षांपूर्वी मी पाइपांचे पैसे पाठवले. पाइप अजून गोठ्यामागं पडून आहेत.

भावाला म्हटलं, बियाण्याची वाट बघ, पण आधी शेजाऱ्यांना एकत्र बसव. ओढ्यापर्यंत चौदा सातबारे आहेत. परवा त्याचा निरोप आला, आठ जण सही करायला तयार झालेत.