कंसातील बारा वचने आणि परमेश्वरावरचा भाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

बायबलमधील नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव’ या वचनावर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपण म्हणता की ‘शास्त्र सांगते म्हणून शास्त्र खरे’ हे बायबलविषयीचे माझे म्हणणे स्वतःभोवतीच फिरणारे आहे. आजीच्या जुन्या पुस्तकात असलेला मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांताचा, शेवट आपल्या नव्या प्रतीत कंसात टाकलेला आहे, भाषांतरांतील शब्द तर सतत बदलत आले आहेत, तेव्हा खरे कोणते मानायचे. आणि शेवटी आपण विचारता की माझी आई प्रार्थना करूनही वाचली नाही, तेव्हा मी नेमक्या कोणत्या वचनावर भरवसा ठेवला होता. शेवटचा प्रश्न बोचरा आहे, पण तो विचारण्याचा हक्क मीच लेखात तिच्या आजारपणाचा उल्लेख करून आपल्याला दिला होता.

पहिल्या आक्षेपाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. ते वाक्य मी घाईने लिहिले आणि ते चुकीचे आहे. शास्त्र स्वतःसुद्धा तसे मागत नाही. बिरुया नगरातील लोकांनी प्रेषित पौलाचे बोलणे ऐकून घेतले आणि मग ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्रात शोध करू लागले, याबद्दल प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्यांना दोष दिलेला नाही, तर मोठ्या मनाचे म्हटले आहे. करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिताना तर पौल सगळा विश्वास एकाच घटनेवर टांगतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. ते पत्र वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेले आहे, आणि उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्या पाचशेहून अधिक बांधवांपैकी बहुतेक अजून हयात आहेत असे त्यात म्हटले आहे. जो असे लिहितो, तो वाचकाला विचारपूस करू नकोस असे सांगत नाही.

मार्कच्या शेवटाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या मनातील खरी अढी तिथे आहे असे मला वाटते. सोळाव्या अध्यायातील नवव्यापासून विसाव्यापर्यंतची बारा वचने चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. एक सीनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठात सापडले आणि दुसरे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. त्या दोन्हींत शुभवर्तमान आठव्या वचनाशी, स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळाल्या तिथेच, संपते. हे कोणी अलीकडे शोधून काढलेले गुपित नाही. त्याच चौथ्या शतकात इतिहासकार युसेबियसने नोंदवून ठेवले आहे की अचूक समजल्या जाणाऱ्या प्रती आठव्या वचनाशी थांबतात. दुसऱ्या बाजूने, इसवी सन १८० च्या सुमारास बिशप इरेनियसने यातील एकोणिसावे वचन मार्कचे म्हणून उद्धृत केले आहे, म्हणजे ही वचनेही फार जुनी आहेत. आपल्या नव्या प्रतीच्या संपादकाने केले ते एवढेच की पुरावा दोन्ही बाजूंनी जसा आहे तसा आपल्यापुढे ठेवला. ज्याला लोकांना फसवायचे असते, तो कंस घालत नाही. देवाच्या वचनात आपल्या पदरचे काही मिसळू नये, या भयाने तो कंस घातलेला आहे. आणि कबर रिकामी आहे, ‘तो उठला आहे, तो येथे नाही’, हे शब्द सहाव्या वचनात, म्हणजे कंसाच्या बाहेर आहेत. पाळकांनी ही गोष्ट मंडळीसमोर उघडपणे सांगायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ती न सांगितल्यामुळे तरुण मुलांना ती इतरत्र कळते, आणि आपल्यापासून काहीतरी लपवले गेले असे त्यांना वाटते. आपल्यालाही तसेच वाटले असेल, तर त्यात दोष आपला नाही.

याच संदर्भात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या गुंडाळीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहेत सापडलेली ही गुंडाळी ख्रिस्तापूर्वी सुमारे शंभर वर्षांहूनही आधीची आहे. तोवर हाती असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा ती जवळजवळ हजार वर्षांनी जुनी निघाली. तिच्यात लेखनभेद पुष्कळ आहेत, पण सहासष्ट अध्यायांचा संदेश तोच आहे. दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयीच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील अकरावे वचन पाहा. परंपरागत हिब्रू पाठात, जिवाच्या कष्टानंतर ‘तो पाहील’, एवढेच आहे. काय पाहील ते सांगितलेले नाही. कुमरानच्या गुंडाळीत तिथे एक शब्द अधिक आहे: ‘तो प्रकाश पाहील’. जुन्या ग्रीक भाषांतरातही प्रकाश होताच. ज्या शोधामुळे शास्त्र ढासळेल अशी भीती कोणाला वाटली असती, त्याने ख्रिस्ती माणसाला सर्वांत प्रिय असलेल्या अध्यायात असा प्रकाश आणून ठेवला.

भाषांतरांचा बदल तर मला अडचणीचा वाटतच नाही. मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ मध्ये निघाला, संपूर्ण शास्त्र १८४७ मध्ये आले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत सगळे पुन्हा भाषांतरित केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते पुस्तक बाहेर पडले; तिथला छापखाना स्त्रियाच चालवत. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईला आयुष्याच्या संध्याकाळी हा खटाटोप का करावासा वाटला? शब्द बदलले तर सत्य बदलते असे त्यांना वाटले असते, तर त्यांनी आधीच्या भाषांतराला हात लावला नसता.

आता आईविषयी. तिच्या आजारपणात आम्ही याकोबाच्या पत्रातील ते वचन धरून बसलो होतो, की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ती गेल्यावर सांत्वनाला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की कुटुंबाचा विश्वास कमी पडला. ते वाक्य मी अनेक वर्षे मनात घेऊन वावरलो. पुढे कधीतरी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, निरोपांच्या ओळींत, एक वाक्य वाचनात आले: त्रफिम आजारी पडल्यामुळे त्याला मी मिलेतात सोडले. पूर्वी ते डोळ्यांखालून कितीदा तरी गेले असेल. ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले, त्यानेच आपल्या सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवले. त्याने ते लपवले नाही आणि त्रफिमाच्या विश्वासाची मोजदादही केली नाही. त्या गृहस्थांना मी त्या दिवशी क्षमा केली.

कोणत्या वचनावर भरवसा ठेवला, असे आपण विचारले आहे. खरे सांगायचे तर त्या काळात मी एकही आश्वासन वाचू शकत नव्हतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तेवढे वाचता येत असे. इतर बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हाच आहे. देवाने आपल्या ग्रंथात तेही राहू दिले, यावरूनच तो ग्रंथ खरे बोलतो अशी माझी खातरी झाली.

आपण ‘भाव ठेवणे’ याचा अर्थ प्रश्न बंद करणे असा घेतला आहे, म्हणून एक शेवटची गोष्ट. विश्वासासाठी असलेला ‘एमुना’ हा हिब्रू शब्द आणि आपला ‘आमेन’ एकाच धातूपासून आले आहेत. निर्गमच्या सतराव्या अध्यायात, रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई चालू असता, इस्राएलाचा पुढारी मोशे याचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होत असे. पण हात जड झाले, तेव्हा त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते धरून ठेवले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर राहिले. आई गेली त्या वर्षी रविवारच्या उपासनेत मी उभा राहत असे, पण माझ्या तोंडून गीताचा शब्द फुटत नसे. मागच्या बाकावरच्या दोन वयस्कर बहिणी दर आठवड्याला घरी येऊन माझ्याऐवजी प्रार्थना करून जात. आई का वाचली नाही याचे उत्तर त्यांनी दिले नाही आणि ते माझ्याजवळ आजही नाही.

मूळ लेखातील ते चुकीचे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि आपल्या आक्षेपामुळे काढले, अशी नोंद तिथे केली आहे. आजीचे पुस्तक आपल्याजवळ असेल, तर यशयाचे ते अकरावे वचन त्यात कसे छापले आहे ते मला अवश्य कळवा.