मामांच्या फॉरवर्डमधले ‘करोडो वर्षांचे झिंगे’

काल फॅमिली ग्रुपवर मामांनी एका फोटोसकट टाकलं, "अंटार्क्टिकाच्या सगळ्या खाऱ्या तळ्यांत करोडो वर्षांपूर्वीचे झिंगे बर्फात गोठून पडलेत, बर्फ वितळला की जिवंत होतात." मामा, रागावू नका, पण यातलं जवळपास काहीच धड नाहीये.

आधी ते करोडो बघू. अंटार्क्टिकात ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस या संशोधन स्टेशनजवळ व्हेस्टफोल्ड हिल्स नावाच्या टेकड्या आहेत (आपलं भारती स्टेशन तिथून शंभरेक किलोमीटरवर), तिथे खारी तळी ढिगाने आहेत. त्यातलं एस लेक घ्या. तिथे समुद्र आत शिरला, मग डोक्यावरचं बर्फाचं ओझं उतरल्यामुळे जमीनच हळूहळू वर आली आणि पाणी, त्यातल्या जिवांसकट, आतच कोंडलं गेलं. हे सगळं गेल्या दहा हजार वर्षांतलं, करोड कुठून आले?

झिंगे तर नाहीतच. फोटोतला क्रिल आहे, झिंग्यासारखा दिसणारा, बोटाएवढा, आणि तो खुल्या समुद्रातला. तळ्यात राहतो तो कोपेपॉड, म्हणजे एक बारीकसा कवचधारी जीव, नाव पॅरालॅबिडोसेरा अंटार्क्टिका, जिऱ्याच्या दाण्याहून लहान.

आता गोठून पडलेत हे. तळं पंचवीस मीटर खोल, वरचा बर्फ जास्तीत जास्त दोनेक मीटर, खाली पाणीच आहे आणि हे महाशय त्यात पोहत शेवाळ खातात. मात्र अगदी तळाशी जात नाहीत, तिथे ऑक्सिजन शून्य आणि सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस.

हां, एक गंमत मात्र खरी. याच जातीची समुद्रातली पिल्लं हिवाळा खरंच बर्फात काढतात! खारं पाणी गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं, त्या दाट खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या बर्फात राहतात, त्यात शेवाळ वाढतं आणि पिल्लं तिथेच चरतात. म्हणजे जिवंतच असतात, मरून परत उठत नाहीत. तळ्यातल्या भाऊबंदांनी ही सवयही सोडलीये.

राहिलं ‘सगळ्या तळ्यांत’. तिथलंच डीप लेक समुद्राच्या दहापट खारं. आईस्क्रीम पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकल्यावर जे होतं तेच, शून्याखाली कितीतरी गेलं तरी पाणी गोठत नाही, हिवाळ्यातसुद्धा. कोपेपॉडही नाही तिथे, फक्त मीठ सोसणारे सूक्ष्मजीव. मग त्या तळ्यातले झिंगे नक्की कुठल्या बर्फातून वितळून बाहेर येणारेत मामा?