टायटॅनिकचा तक्ता आणि गाळलेला ‘पैकी’

1912 मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरच्या कोणत्या गटातले किती वाचले आणि किती गेले, याचा तक्ता (प्रत्येक गटाला एक आडवी ओळ) जोडून एक दावा बराच फिरतो आहे. ‘वाचलेल्या 711 जणांत सर्वाधिक, म्हणजे 212, कर्मचारी होते; पहिल्या वर्गाचे प्रवासी फक्त 203. तेव्हा श्रीमंतांना झुकतं माप मिळालं ही दंतकथा आहे. सर्वेक्षणाचे तक्तेही असेच वाचावेत.’ आकडे 1912च्या ब्रिटिश चौकशी अहवालातले, बरोबर आहेत. घोळ पुढे आहे.

‘सर्वाधिक कर्मचारी वाचले.’ जहाजावर ते होतेही सर्वाधिक: 885. पहिल्या वर्गाचे प्रवासी 325. आडव्या ओळीतला आकडा त्याच ओळीच्या बेरजेने भागून पाहा. पहिल्या वर्गातले 62.5 टक्के वाचले, दुसऱ्यातले 41.4, तिसऱ्यातले 25.2 आणि कर्मचाऱ्यांपैकी 24. सर्वांत खाली कर्मचारीच.

‘टक्केवारी काढली तरी कर्मचारीच पुढे: 29.8 विरुद्ध 28.6.’ हे तर जास्त फसवं, कारण भागाकारात चूक नाही. फक्त छेदात 711 आहे, म्हणजे वाचलेल्यांची बेरीज. ‘वाचलेल्यांपैकी कर्मचारी किती’ आणि ‘कर्मचाऱ्यांपैकी वाचले किती’ हे दोन वेगळे प्रश्न. मराठीने ‘पैकी’ हा शब्द देऊन छेद उघड सांगितला आहे. ज्याच्यापुढे ‘पैकी’ लागतो, त्याची बेरीज खाली जाते. दावा करणाऱ्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढलं आणि दुसऱ्याच्या नावावर खपवलं. 711चाच छेद हवा असेल तर निदान शेजारी हेही लिहा, की जहाजावरच्या 2201 जणांत कर्मचारी 40 टक्के होते आणि वाचलेल्यांत 30.

‘पहिल्या वर्गात बायकांचं प्रमाण जास्त होतं, म्हणून फरक दिसतो.’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. बायकांना आधी होडीत बसवलं गेलं होतं. मग तक्ता फक्त प्रौढ स्त्रियांचा करू. पहिल्या वर्गातल्या 144 पैकी 140 वाचल्या, तिसऱ्यातल्या 165 पैकी 76. म्हणजे 97 आणि 46 टक्के. फरक काही पुसला जात नाही.

राहिलं सर्वेक्षण. तिथे आणखी एक खड्डा असतो. समजा, आपण व्यायाम करणारे 200 आणि न करणारे 400 जण मुद्दाम निवडले. ‘झोप चांगली लागते’ असं पहिल्यांतले 120 म्हणाले, दुसऱ्यांतले 160. ओळीने 60 आणि 40 टक्के. हे वापरता येतं. पण स्तंभाने पाहिलं, तर चांगली झोप लागणाऱ्या 280 जणांपैकी व्यायाम करणारे 43 टक्केच भरतात. हा 43 आपल्याच निवडीतून आला. व्यायाम न करणारे 400 ऐवजी 100 घेतले असते आणि त्यांतले 40 टक्केच ‘हो’ म्हणाले असते, तर कुणाचीही झोप न बदलता तो 75 झाला असता.